गिरदावर दुर्गे यांनी केलेली लंगोटांची पहाणी

"किसका है ये? बोलो. कौन के घर का है?"

आमच्या बिल्डिंगचा कारभार बघणारे राजन्ना सेठ पार्किंगमध्ये उभे राहून ओरडत होते. हातात बांबूची काठी, काठीच्या टोकाला एक ओला लंगोट, आणि तो लंगोट त्यांनी असा लांब धरला होता की जणू जिवंत घोणसच पकडून आणली. आवाज तर असा, की बस स्टँडवर इंद्रवेल्लीच्या गाडीत जागा धरून बसलेली माणसं काय झालं म्हणून खाली उतरली असतील. मी डेपोतला कारकून आहे, मला गाडीतल्या माणसांची सवय ठाऊक आहे.

झालं होतं असं, की राजन्ना सेठांनी आदल्या दिवशी नवी गाडी आणली होती. पुढच्या काचेवर हळदकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आरशाला झेंडूची माळ. आणि सकाळी पाहतात तर काचेवर, बरोबर स्वस्तिकावर, हा लंगोट पसरलेला.

बारा बिऱ्हाडांची दारं उघडली. लंगोट कोणाचा हे बाराही घरांना माहीत होतं, कारण अख्ख्या बिल्डिंगमध्ये कापडी लंगोट वापरणारं बाळ एकच होतं. माझंही दार उघडलं, बरोबर चार बोटं. त्या फटीतून मी समोरच्या दाराकडं बघत होतो.

समोरचं दार उघडलं आणि गिरदावर बाहेर आले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अंगात बनियन, कोपरापर्यंत साबणाचा फेस. ते खाली उतरले, काठीच्या टोकावरचा लंगोट त्यांनी दोन बोटांनी उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "आमचा हाय."

राजन्ना सेठांनी पुढच्या चार वाक्यांची तयारी केली होती. ती तोंडातच राहिली.

"मौक्यावर चाला," गिरदावर म्हणाले. "कुठं पडला ते दाखवा."

मग त्यांनी गाडीपाशी उभं राहून वर गच्चीवरच्या दोरीकडं पाहिलं, हात वर करून वारा पाहिला, परत गाडीकडं पाहिलं. चांगली पाच मिनिटं. एखाद्याला वाटलं असतं, हा माणूस आता वाऱ्यावर खापर फोडणार. ते म्हणाले, "वाऱ्याचा दोष नाई. चिमटा ढिला होता. चूक आमची." आणि खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी काच पुसायला घेतली, स्वस्तिक वाचवून.

भांडायला आलेल्या माणसाला अशी सरळ कबुली मिळाली की त्याचं फार नुकसान होतं. राजन्ना सेठ काठी टाकून घरात गेले, पण जाताना मागं वळून ज्या नजरेनं पाहून गेले, ती मी माझ्या फटीतून टिपली. ती नजर म्हणत होती की आज नाही तर उद्या.

गिरदावर दुर्गे हे त्यांचं नोकरीतलं नाव. महाराष्ट्रात ज्याला सर्कल म्हणतात, त्याला आमच्या आदिलाबादकडं निजामाच्या काळापासून गिरदावर म्हणतात. वावरात जाऊन कोणाची जमीन किती, पीक कोणतं, बांध कुठं, हे डोळ्यांनी पाहून लिहायचं, त्याला पहाणी म्हणायचं. तामसीकडचं बौद्ध घर. वडील दुसऱ्याच्या वावरात सालगडी होते, आणि त्याच वावराची पहाणी पुढं मुलानं केली. गिरदावर हे कधी सांगत नसत, त्यांच्या बायको सुमनकाकू सांगत.

रिटायर झाल्यावर दोघं नवराबायको आदिलाबादला आले ते लेकीसाठी. लेक प्रज्ञा इंद्रवेल्लीकडच्या शाळेत मास्तरीण, जावई हैदराबादला कंपनीत, पंधरा दिवसांनी येणार. प्रज्ञाला सातव्या महिन्यात मुलगी झाली. चिऊ. जन्मली तेव्हा तांब्यात मावेल एवढी होती. मी म्हणतो तांब्या, माझी बायको मंगला म्हणते गडवा, आमच्यात यावर अजून वाद आहे. पण लहान होती हे नक्की. छाती कमजोर, दूध पावडरचं, दर तिसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवायचं. आणि कातडी अशी, की दुकानातला डायपर बांधला की पिकल्या टमाट्याच्या सालीसारखी सुटून येई. डॉक्टर म्हणाले, सुती कापड, मऊ, उन्हात खडखडीत वाळलेलं. दुसरं काही नाही.

म्हणून हे घर. दवाखाना गल्ली ओलांडली की समोर. याआधी त्यांनी तीन ठिकाणी घरं पाहिली होती. तिन्ही ठिकाणी आडनाव विचारलं आणि तिन्ही घरं नेमकी आदल्याच दिवशी दुसऱ्याला देऊन झालेली होती. चौथा मालक हैदराबादला राहणारा, त्यानं फोनवर आडनाव विचारलंच नाही, आणि असं ते कुटुंब आमच्या गोदावरी हाइट्समध्ये आलं. गोदावरी तिथून लांब आहे आणि हाइट तीन मजल्यांची आहे, पण नाव आहे.

जावयानं हौसेनं कपडे धुण्याची मशीन पाठवली. आता आमची बिल्डिंग ज्यानं बांधली, त्यानं मशीन ही वस्तू बहुतेक चित्रातही पाहिली नव्हती. बाथरूममध्ये तिला नळ नाही, पाणी जायला जागा नाही, जवळ प्लग नाही. तरी गिरदावरांनी एकदा प्रयोग केला. मशीन हॉलमध्ये, नळी ताणून बाथरूमच्या नळाला, सुटणारं पाणी बादलीत. मशीन जी थरथरायला लागली, ती चालत चालत हॉल ओलांडून, उंबरठ्याला धडकून, जवळजवळ माझ्या दारापर्यंत आली. तेवढ्यात बिल्डिंगची लाइट गेली म्हणून थांबली, नाहीतर जिना उतरून गेली असती. त्या दिवसापासून तिच्यावर फुलांचा टेबलक्लॉथ आणि चिऊची औषधं.

सुमनकाकूंची बोटं वाकडी झालेली, त्यांना कापड पिळता येत नव्हतं. त्या बाळ सांभाळायच्या. धुणं गिरदावरांकडं.

आणि काय धुणं. रोजचे चाळीस लंगोट, थंडीत पन्नास. सगळे गिरदावरांच्या आईच्या जुन्या लुगड्यांचे, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. हिरव्या काठाचे सकाळचे, लाल काठाचे दुपारचे. घाण असेल ती घरी संडासात, पहिलं पाणी तिथंच. मग दोन बादल्या घेऊन गच्चीवर. टाकीच्या शेजारी एक नळ होता, तिथं ते पाटावर बसायचे. एकदा साबण, दोनदा साधं पाणी, शेवटी घरून आणलेलं कढत पाणी. पिळायचे तर असे, की पिळलेला लंगोट जमिनीवर ठेवला तर काठीसारखा उभा राही. मी स्वतः तीन उभे पाहिलेत. दोरीवर टाकायच्या आधी तो अर्धा वाळलेला असे, आणि उन्हालाच फुकटचं श्रेय मिळे.

बिल्डिंगमधले पुरुष गच्चीवर सिगरेट ओढायला जात आणि त्यांना पाहून हसत. एकजण म्हणाला, "गिरदावरसाब, आयुष्यभर जमिनी मोजल्या, आता हे?"

गिरदावर लंगोट झटकत म्हणाले, "जमिनीपेक्षा हे बरं. हे धुतलं का साफ होते."

नोकरीतही ते असेच. सुमनकाकूंचा भाऊ तामसीकडं शेती करतो. त्यानं गावच्या गायरानात नांगराची दोन तासं आत घातली. कोणी तक्रार केली नव्हती, कोणाला दिसलंही नव्हतं. गिरदावर पहाणीला गेले आणि लिहून आले. सख्ख्या मेव्हण्याविरुद्ध. काकू सांगत, "तीन महिने मी याह्यच्याशी बोलली नाई. ताट वाढायची आन भिताडाशी बोलायची. हे जेवायचे आन भिताडालेच सांगायचे, वरण चांगलं झालं म्हणून."

"मंग भावानं काय केलं?" मंगलानं विचारलं.

"काय करन? नांगर मागं घेतला. दिवाळीले आला तं याह्यच्याच बाजूले बसला."

असा माणूस. पहाणीबिगर बोलायचं नाही आणि पहाणी झाल्यावर गिळायचं नाही.

संक्रांतीच्या आधी टाकीच्या पाण्याला वास यायला लागला. आधी वाटलं, आपलंच नाक. मग तळमजल्यावरच्या बाईनं विचारलं, तुमच्याकडं पण का. मग राजन्ना सेठांच्या नातवाला जुलाब लागले, दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोरीला. दोघांनाही सलाईन लावावी लागली. मग मात्र बारा बिऱ्हाडांत एकच कुजबुज. टाकीशेजारी बसून हा माणूस काय धुतो, सगळ्यांना माहीत आहे.

राजन्ना सेठ या वेळी ओरडले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. ते गुपचूप वर गेले, "कंपू, कंपू" असं तेलुगूत वासाला नाव ठेवत खाली आले आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. हे केवढं कुलूप, म्हणाल तर जुन्या तहसीलच्या खजिन्याला शोभावं असं.

आदिलाबादची थंडी ज्यानं पाहिली नाही त्याला मी काय सांगू. सकाळी बोललेला शब्द ओठावरच गोठतो आणि दुपारी ऐकू येतो. अशा थंडीत गच्ची बंद. पन्नास ओले लंगोट दोन खोल्यांत. दोऱ्या हॉलमध्ये, दोऱ्या स्वयंपाकघरात, खुर्च्यांवर, मशीनवर, खिडकीच्या गजांना. भिंतींना पाझर सुटला. गिरदावर एकेक लंगोट इस्त्रीनं वाळवायचे, इस्त्री फिरवली की चर्र करून वाफ निघायची. तिसऱ्या दिवशी चिऊ खोकायला लागली. एवढंसं लेकरू, पण खोकला असा की माझ्या घरी जेवताना घास थांबायचा. डॉक्टर म्हणाले, ओल्या घरात ठेवू नका, असंच राहिलं तर भरती करावं लागेल.

मंगला मला म्हणाली, "जा ना तुमी. राजन्नासेठशी बोला."

मी म्हणालो, "बोलतो." आणि डेपोत गेलो. संध्याकाळी पण म्हणालो, बोलतो.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. राजन्ना सेठ खुर्चीवर, आम्ही बाकीचे उभे. नातवाच्या हातावर सलाईनची पट्टी अजून होती, त्याला मांडीवर घेऊन बसले होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्या पट्टीकडं पाहिल्यावर तोही नीट येईना.

"मैं झगडा नक्को बोलता," ते म्हणाले. "मालक को फोन कर दिया. मकान खाली करो."

प्रज्ञा चिऊला शालीत गुंडाळून उभी होती. ती म्हणाली, "काका, कुठं जाऊ? दवाखाना समोर हाय म्हणून हितं हाय आमी."

मी माझ्या चपलेचा अंगठा तपासत होतो.

गिरदावर पुढं आले. "सेठ, तुमी म्हणता आमचं पाणी टाकीत जाते. कोणी पाह्यलं?"

"देखना क्या है उसमें?"

"पहाणीबिगर हुकूम होत नाई. पहाणी करा."

"आप गिरदावर थे ना? आप ही करो," राजन्ना सेठ म्हणाले. "लेकिन सबके सामने. और आपका पानी टाकी में निकला तो एक तारीख को मकान खाली."

प्रज्ञानं बापाकडं पाहिलं. सुमनकाकूंनी भिंतीकडं पाहिलं.

"लिहून घ्या," गिरदावर म्हणाले. "पंच लागतात दोन. एक तुमी." आणि मग माझ्याकडं बोट करून, "एक हे डेपोवाले."

माझं वजन तिथल्या तिथं दोन किलो उतरलं.

पहाणीची रीत त्यांनी अशी ठरवली. गच्चीवरच्या ज्या भोकात ते धुण्याचं पाणी ओततात, त्यात कपड्याची नीळ टाकायची, वरून रोजच्याएवढ्याच बादल्या पाणी. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर चालू झाली की सगळ्यांनी आपापले नळ बघायचे. पाणी निळं आलं, तर लंगोटाचं पाणी टाकीत येतं. पांढरं आलं, तर येत नाही. साधी गोष्ट. एवढी साधी की कोणाला सुटायला जागा नव्हती.

नीळ आणायला मला पाठवलं. पुडा घेऊन जिना चढतोय, तर वळणावर प्रज्ञा उभी. शाळेतून थेट आलेली, खांद्यावर पिशवी तशीच.

"भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली, "गच्चीवर दोन भोकं हायेत. रस्त्याकडच्या भोकाचा पाइप सरळ गटारात जाते, म्या पाह्यला. नीळ तुमच्या हाती हाय ना?"

मी पुड्याकडं पाहिलं.

"बाबा ऐकत नाई. आईनं सांगून पाह्यलं, म्या सांगून पाह्यलं. तुमी तेवढं करा. लेकरू जगू द्या माझं."

मी हो म्हणालो. मी काही थोर माणूस नाही, पण एवढं खोटं करायला मला बिलकुल जड गेलं नसतं. डेपोत मी यापेक्षा मोठी खोटी साध्या मजेसाठी बोललोय. मी ठरवलंच होतं.

गच्चीवर ऊन होतं. कुलूप काढलं होतं. राजन्ना सेठ टाकीला टेकून मोबाइलवर बोलत होते, त्यांची पाठ आमच्याकडं. याहून चांगला मोका मिळणार नव्हता. मी पुडा फोडला आणि सहज चालल्यासारखा रस्त्याकडच्या भोकाकडं निघालो. सहा पावलं. चौथ्या पावलाला मागून आवाज आला.

"डेपोवाले."

मी थांबलो.

"मी पाणी कोणत्या भोकात टाकतो?"

"मागच्या."

"मंग तिकडं काऊन चालून राह्यले?"

ते ओरडले नाहीत. राजन्ना सेठांनी मानही वळवली नाही. गिरदावर पाटावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला, मिळाला नाही. भीती मात्र होती. मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहत होतो. बोटं गुडघ्यांवर घट्ट रुतली होती.

"काकाजी," मी जवळ जाऊन म्हणालो, "कोणाले समजते? चिऊचा विचार करा."

"तोच करून राह्यलो," ते म्हणाले. "टाका हितं."

मी मागच्या भोकात नीळ टाकली. माझ्या हाताला लागलेली नीळ दोन दिवस गेली नाही. त्यांनी उठून सहा बादल्या पाणी ओतलं, रोजच्यासारखं, न सांडता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोटर सुरू झाली. बारा घरांतले बारा नळ उघडे. मी बाथरूममध्ये बादली घेऊन उभा, मंगला मागं. पाणी आलं. स्वच्छ. मंगलानं हात जोडले. समोरच्या घरातून नुसता चिऊचा खोकला ऐकू येत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बादली भरली, पांढरी. मी दुसरी लावली. मला वाटायला लागलं की आपण वाचलो. आपण, असंच वाटलं, जणू घर माझंच जाणार होतं.

मग खालून राजन्ना सेठांच्या सुनेच्या हातून भांडं पडल्याचा आवाज आला.

राजन्ना सेठ स्वतः वर आले. हातात ताटली, ताटलीत चार इडल्या. पीठ सैल करायला सुनेनं तेच पाणी घातलं होतं. आता इतर लोक सांगतात की इडलीला नुसती निळसर झाक होती, आणि नीट पाहिलं तरच दिसत होती. मी सांगतो, त्या इडल्या मोरपिसासारख्या निळ्या होत्या आणि अंधारात चमकल्या असत्या. ताटली त्यांनी गिरदावरांच्या दारात धरली. मी माझ्या बादलीकडं वळून पाहिलं. दुसरी बादली निळी होती.

प्रज्ञा दारात आली, ताटली पाहिली, माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेबद्दल मी काही वाढवून सांगू शकत नाही.

"मौक्यावर चाला," गिरदावर म्हणाले.

खाली संपाचं झाकण उघडलं. संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, तिच्या भिंतीला लागून गच्चीचा पाइप उतरतो. त्या पाइपाचा जोड फुटला होता. भिंतीवर निळा ओघळ, सरळ संपात. गच्चीवरून जे जे खाली येईल, कबुतरांची घाण, धूळ, धुण्याचं पाणी, सगळं त्यातूनच आत. तिथून मोटरनं वर, वरून आपल्या नळांत.

राजन्ना सेठांनी वाकून पाहिलं. "पाइप फूटा है," ते म्हणाले, जरा नरम होऊन.

"हो. तेही लिहितो," गिरदावर म्हणाले.

त्यांनी तिथंच, संपाच्या कडेला उकिडवं बसून, शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. पहिली ओळ: रहिवासी दुर्गे यांच्या धुण्याचं पाणी टाकीत जाते हे मौक्यावर दिसून आले. दुसरी ओळ: पाइपाचा जोड फुटलेला आहे, आजच दुरुस्त करावा, तोवर टाकीचं पाणी कोणी पिऊ नये. तिसरी ओळ नव्हती. आपल्या बाजूनं एक शब्द नाही. नुसता जोड आधी लिहिला असता तरी वाचणाऱ्याला वेगळं वाटलं असतं, एवढं मला कारकुनीतलं समजतं. मी म्हणालो पण, "काकाजी, दुसरी ओळ वर घ्या." ते म्हणाले, "ज्याची पहाणी होती ते वर राहते."

राजन्ना सेठांनी सही केली. मी केली. माझी सही आयुष्यात इतकी वाकडी कधी आली नाही.

प्रज्ञा त्या दिवशी बापाशी बोलली ते अख्ख्या जिन्यानं ऐकलं. "मामाच्या वावराइतकंच सोपं वाटलं का बाबा तुमाले? हे तुमचं रक्त हाय."

दुपारपर्यंत पाइप दुरुस्त झाला. संप उपसला, टाकी धुतली, वास गेला, पोरं बरी झाली. आता लंगोट कुठंही धुतले असते तरी कोणाला काही झालं नसतं. एवढं सगळं दिसत असताना बारा बिऱ्हाडांत एकानंही म्हटलं नाही, की मग राहा आता. राजन्ना सेठ एकदा दारापर्यंत आले होते असं मंगला सांगते. आले, उभे राहिले, बेल न वाजवता परत गेले. मी तर समोरच राहत होतो. मला दरवाजा उघडून दोन पावलं टाकायची होती. मी डेपोत जास्त वेळ थांबायला लागलो.

एक तारखेला टेम्पो आला. जिनिंग मिलच्या मागं दोन खोल्या मिळाल्या होत्या, पत्र्याच्या, पण पुढं अंगण, अंगणात धुण्याचा दगड आणि दिवसभर ऊन. दवाखाना लांब पडला. सामान उतरवताना मशीन जिन्यात अडकली, तेव्हा बाराही घरांतले पुरुष धावले. मशीन उतरवायला धावले, हे मी सांगून ठेवतो. गिरदावरांनी सगळ्यांना नमस्कार केला. प्रज्ञानं कोणाकडं पाहिलं नाही.

त्यानंतर ही गोष्ट मी डेपोत शंभर वेळा सांगितली असेल. सांगता सांगता इडल्या चार डझन झाल्या, नीळ पोतंभर झाली आणि गिरदावर सात फूट उंच झाले. गोष्टीचा मथळा एकच, की असा सच्चा माणूस, शब्दाखातर घर सोडलं पण एक ओळ खोटी लिहिली नाही. ऐकणारे च्च च्च करायचे. कंडक्टरांना फार आवडायची.

दोन वर्षं गेली. परवा दुपारी तामसीच्या फलाटावर ते दिसले. बाकावर बसलेले, मान जरा खाली आलेली. शेजारी लाल स्वेटरातली एक पोरगी बाकावर चढत होती, उतरत होती, चढत होती. प्रत्येक वेळी ते तिच्या पाठीमागं हात धरायचे, लावायचे नाहीत.

"काकाजी," मी म्हणालो. "चिऊ का?"

"हो. डेपोवाले काकांले नमस्कार कर." तिनं केला नाही. माझ्या खिशातल्या पेनाकडं पाहिलं, मी देऊन टाकला.

"छाती?"

"बरी हाय आता. पळते."

गाडी लागायला वेळ होता. मी शेजारी बसलो. इकडचं तिकडचं बोललो, राजन्ना सेठांनी आता प्रत्येक फ्लॅटला मशीनसाठी नळ काढून दिला तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग माझ्याच्यानं राहवलं नाही.

"काकाजी, एक इचारू? त्या दिवशी नीळ मी दुसऱ्या भोकात टाकली असती तं तुमी अजून आमच्या समोर राह्यले असते. थंडीत लेकरू घेऊन निघा लागलं तुमाले. शब्द दिला म्हणून एवढं सोसलं. मी सगळ्याइले सांगतो हे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जरा नवल वाटल्यासारखं. मग चिऊच्या नाकाला रुमाल लावत ते म्हणाले, "शब्दाचं काय त्याच्यात. चिऊचं पावडरचं दूध त्याच पाण्यात कालवून राह्यलो होतो ना आमी."